डाव्या हाताची पेन्शन

किकवीच्या सर्व्हिस रोडला चहाच्या टपरीवर सकाळी सातच्या सुमाराला जाऊन बसा. शेजारच्या बाकावर पासष्टी ओलांडलेला एखादा माणूस दिसेल. उजव्या हातात बशी, आणि डावा हात मांडीशेजारी हवेतच, कशावर तरी ठेवल्यासारखा अर्धा मिटलेला. महामार्गावरून एखादा भरलेला ट्रक धापा टाकत चालला की हा डावा हात आपोआप मागे सरकतो. ट्रकवाल्याने तेवढ्यात गिअर उतरवला तर माणूस चहाचा घोट घेतो. नाही उतरवला तर बशी खाली ठेवतो आणि म्हणतो, "मारतंय बघा इंजिन. कुणाच्या बापाचं चाललंय?"

हा रिटायर्ड ड्रायव्हर. पुणे-सातारा रस्त्याला कापूरहोळ म्हणा, सारोळा म्हणा, शिरवळ म्हणा, गावागणिक एक तरी नग असतोच. तो बाजूच्या सीटवर बसला की त्याच्या पायाखालचं मॅटिंग झिजतं, कारण गाडी कुणीही चालवो, ब्रेक तोच मारत असतो. प्रवासात तो झोपत नाही आणि चालवणाऱ्यालाही सुखाने गप्पा मारू देत नाही. लग्नाला पाहुणे आले की मुलगा काय करतो हे विचारण्याआधी तो विचारतो, "कुठल्या घाटानं आलासा?" माणसांची पारखही गिअरवरच. अमक्याचा पोरगा अजून न्यूट्रलातच हाय. तमक्यानं पहिल्यात गाडी उठवायची सोडून एकदम तिसरा टाकला, मग बंद पडंल न्हाय तर काय. महामार्गाचा नंबर ४ चा ४८ झाला तेव्हा आमच्याकडच्या नगाने टपरीवर जाहीर केलं होतं, "चौथ्यातनं डायरेक अठ्ठेचाळिसाव्यात! गिअरबॉक्स ऱ्हाईल का जाग्यावर?"

आमच्याकडचा नग म्हणजे आप्पा.

आप्पांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी भोर-महाड मार्गावर, वरंधा घाटात. ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढंच समजावं, की एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, आणि वळणं अशी की गाडीचं तोंड महाडकडे आणि बूड भोरकडे एकाच वेळी दिसावं. पावसाळ्यात त्यावर धुकं आणि दरडी. आप्पांच्या डोक्यात घाटाचा एकच नियम पक्का बसलाय: ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. हा नियम ते संसारालाही लावतात, पण तिथे काकू त्यांना फार बोलू देत नाहीत.

मी गणिताचा मास्तर. एकदा आप्पांनी मला बसवून हिशोब करायला लावला. दिवसाला सरासरी सहाशे वेळा गिअर, वर्षाला तीनशे दिवस ड्युटी, बत्तीस वर्षं. उत्तर आलं ५७ लाख ६० हजार. आप्पा आकड्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "आप्पा, एवढा नामजप केला असता तर एव्हाना तुम्हाला न्यायला विमान आलं असतं." आप्पा म्हणाले, "इमानाला गिअर असत्यात का?" मी नाही म्हटलं. "मग आमचं काय काम तिथं."

त्यातही साधा गिअर नव्हे. ज्या गिअरबॉक्सात सिंक्रोमेश नसतो तिथे दात दाताला भिडायच्या आधी दोघांचा वेग ड्रायव्हरने आपल्या हाता-पायाने जुळवून द्यावा लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, नेमका तेवढाच अॅक्सिलेटर द्या, पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका. याचं नाव डबल क्लच. हे सगळं एका श्वासात, वळणावर, समोरून जीप येत असताना. चुकलं की गिअरबॉक्स असा ओरडतो की मागच्या सीटवरची म्हातारी जागी होऊन म्हणते, "मेल्या, हळू." आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या गाडीत म्हातारी कधी उठली नाही. उजव्या हाताबद्दल त्यांना फारसा अभिमान नाही. "उजवा हात रस्त्याचा असतोय," ते म्हणतात. "रस्ता वळंल तिकडं जायचं, त्येला काय अक्कल लागतीय? डावा हात मात्र आपला."

अठ्ठावन्नाव्या वर्षी एसटीने हारतुरे देऊन मोकळं केलं, तेव्हा आप्पांनी हाताशी आलेल्या पैशातून एक जुनी जीप घेतली आणि सात-आठ वर्षं वडाप केलं. जीप खिळखिळी होती, पण तिच्या गिअरच्या दांड्यावर एक वस्तू होती. पारदर्शक गोळा, लिंबापेक्षा मोठा आणि मोसंबीपेक्षा लहान, आणि त्याच्या पोटात तांबडा गुलाब. पाकळी न पाकळी दिसायची. ट्रकांच्या, जीपांच्या दांड्यावर असले गोळे तुम्ही पाहिले असतील. कुणात गुलाब, कुणात विंचू. आप्पांनी हा खास पुण्याला नाना पेठेत जाऊन आणलेला. दुकानदाराने विंचू दाखवला होता, पण "मागं बायामाणसं बसत्यात" म्हणून यांनी गुलाब घेतला.

जीप विकली तेव्हा टपावरच्या कॅरिअरपासून हॉर्नपर्यंत सगळं घेणाऱ्याला दिलं, आणि गुलाब तेवढा फिरवून काढून घेतला. घेणारा भांडायला लागला, "नुसत्या सळईनं गिअर टाकू का?" आप्पांनी आत जाऊन कपाटाची एक जुनी मूठ आणून दांड्याला बसवून दिली आणि मागे न बघता घरात निघून गेले.

गुलाब आधी टीव्हीवर बसला. टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला तेव्हा बसायला जागा उरली नाही म्हणून तो देव्हाऱ्याच्या कडेला आला. दसऱ्याला कोयता, फावडं, पाना यांच्या ओळीत काकू त्यालाही हळदकुंकू वाहत. एका वर्षी कुणा पाहुणीने तो बाळकृष्णाशेजारी बघून नमस्कारही केला होता. आप्पांनी तिला अडवलं नाही.

पुण्याच्या घरातलं सामान एका ठराविक वाटेने गावाकडे येतं. जुना फ्रिज, त्यामागून जुना सोफा, मग मापात न बसणाऱ्या पॅन्टी. आप्पांचा मुलगा हिंजवडीला असतो. त्याने नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी किकवीला पाठवली. जुनी म्हणजे सहा वर्षांची, चकचकीत, आणि ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही.

पहिल्या दिवशी आप्पा आत बसले, आरसे जुळवले, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि डावा हात दांड्यावर ठेवला. मग खाली वाकून बघितलं. इंग्रजीत चार अक्षरं. पी, आर, एन, डी.

"आकडं कुठं हायती?"

"आकडे आत आहेत आप्पा. गाडी आपली आपण टाकते."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही फक्त बसा."

मुलाच्या मनात काही नव्हतं. पण बत्तीस वर्षं वरंधा चढवलेल्या माणसाला "तुम्ही फक्त बसा" म्हणणं, म्हणजे पखवाजवाल्याला "तुम्ही नुसते टाळ्या वाजवा" म्हणण्यातला प्रकार.

आधी डाव्या पायाने दंगा केला. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं आणि ब्रेकचं पेडल चांगलं पाटासारखं रुंद असतं. सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला, आणि क्लच दाबायचा तर तळापर्यंत, त्या हिशोबाने ब्रेक तळापर्यंत दाबला गेला. गाडी सर्व्हिस रोडच्या मध्यात ठेचकाळून उभी राहिली. मागच्या सीटवर काकूंच्या मांडीवरची कोथिंबिरीची जुडी पुढच्या काचेवर गेली. तीनदा असं झाल्यावर आप्पांनी उपाय काढला: डावा पाय उचलून सीटवर घ्यायचा आणि अर्धी मांडी घालून चालवायची. आजही ते तसेच चालवतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पंगतीला बसलाय आणि ताट येईपर्यंत जरा सातारला जाऊन येतोय. (हे कुणी करू नये. मी त्यांना सांगितलंय. ते म्हणतात, पाय मोकळा सोडला तर जास्त धोका हाय.)

पाय मांडीखाली दाबून ठेवता येतो, पण हाताचं काय करायचं? डावा हात दांड्यावर जाऊन बसायचा आणि इंजिनाचा आवाज बदलला की हुकुमाची वाट बघायचा. हुकूम यायचाच नाही. आतल्या आत गाडी बदलून मोकळी. आप्पा म्हणाले, "मास्तर, सून घरात आल्यावर सासूचं जसं हुतंय ना, तसं झालंय ह्या हाताचं. सगळं हातात मिळतंय, आणि हातात काय न्हाय."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी माहिती काढली, मास्तर दुसरं काय करणार. म्हटलं, आप्पा, हे काही आजचं खूळ नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने हायड्रामॅटिक नावाची पेटी १९३९ सालीच काढली, तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी. आपल्याकडे सेलेरिओ आली २०१४ मध्ये, तेव्हापासून बिनक्लचच्या स्वस्त गाड्यांचा सुकाळ झाला. त्या जातीत तर गिअरबॉक्स आपला नेहमीचाच असतो, आत क्लचही असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं असतं. यावर आप्पा बराच वेळ विचार करत होते. "म्हंजी क्लच हाय, पर पाय दुसऱ्याचा," ते म्हणाले. माझ्या वाचनात या यंत्राचं इतकं स्वच्छ वर्णन आलेलं नाही.

त्याच बैठकीत मी एक चूक केली. म्हटलं, १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी निघाली, आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई निघाली. तिच्यात गिअर बदलायची भानगडच नाही. आप्पांचा चेहरा उतरला. "डायवर तरी हाय का?" त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर जरा सावरले.

आता मूठ. कंपनीने दिलेली मूठ काळी, गुळगुळीत, कडेला बटण असलेली. आप्पांच्या मते दाढीच्या ब्रशची मूठ होती ती. शिवाय तिला वजन नाही. एके रात्री दिवाबत्ती झाल्यावर काकू देव्हाऱ्यासमोरून उठल्या आणि आप्पांची नजर गुलाबावर गेली. गाडी आपली नाही, गिअर आपला नाही, क्लचवरचा पाय दुसऱ्याचा. मूठ तरी आपली असावी.

त्यात वेडेपणाचं काही नाही, असं माझं अजून मत आहे. १९७६ साली जर्मनीत फोक्सवागनची गोल्फ जीटीआय आली तेव्हा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या तिथल्या डिझायनर बाईंनी गिअरच्या दांड्यावर चक्क गोल्फचा चेंडू सुचवला. कंपनीने तो बसवला आणि त्या गाडीची ती ओळखच होऊन बसली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. "बाईमाणूस शानं," म्हणाले, "पर चेंडूपरीस गुलाब बरा."

गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात आम्ही गेलो. तिथल्या पोराने आधी स्वतःचाच माल पुढे केला. जड स्टीलची मूठ, डोक्यावर एक ते सहा आकडे आणि आर असा नकाशा कोरलेला. ऑटोमॅटिक गाडीवर सहा गिअरांची मूठ बसवायची म्हणजे सपाट छपराच्या घराला दारात जिना रंगवण्यातला प्रकार. पण आप्पांचा हात त्या आकड्यांवरून फिरत राहिला. "आकडं तरी हायती," ते पुटपुटले. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. खोक्यावर 'युनिव्हर्सल' छापलेलं होतं. माझा अनुभव असा, की ज्या वस्तूवर युनिव्हर्सल लिहिलेलं असतं ती कशालाच धड बसत नाही. शेवटी पोराने एक अॅडाप्टर दिला. खालून दांड्यावर सरकवायचा, तीन ग्रब स्क्रू अॅलन कीने आवळायचे. वरच्या बाजूला १० एमएमचे आटे. गुलाबाचे आटे त्यावर असे फिरले की जन्माची सोयरीक. पोराने विचारलं, "काका, गाडी मॅन्युअलच ना?" आप्पा म्हणाले, "गाडी गाडी असतीय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, मला न बोलावता, आप्पांनी शुभारंभ केला. गाडी घरासमोरच्या गल्लीत उभी होती. चामडी कव्हर खाली ओढलं, स्क्रू काढला, मुठीला धरून "जय भवानी" म्हणून वर हिसका दिला. मूठ निघाली. तिच्यातून बटण निघालं, बटणामागून स्प्रिंग निघाली आणि कोंबड्यांच्या डालग्यावर टण्णकन आपटली. बटण आणि स्प्रिंग शोधून आप्पांनी चंचीत सुपारीशेजारी ठेवली, अॅडाप्टर आवळला, गुलाब चढवला. मला बोलावणं आलं ते हे झाल्यावर. गेलो तर खरंच सांगतो, छान दिसत होतं. डॅशबोर्डवरच्या दिव्याचा उजेड पाकळ्यांतून येत होता. आप्पांनी डावा हात गुलाबावर ठेवला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या हाताची बोटं पुरती मिटली.

मग त्यांनी गाडी चालू केली, ब्रेकवर पाय दिला आणि दांडा मागे ओढला. दांडा हलेना.

इथे जरा यंत्रात शिरावं लागेल. ऑटोमॅटिकची मूठ ही नुसती मूठ नसते. कडेचं बटण दाबलं की पोकळ दांड्यातली बारीक सळई खाली जाते, सळई खाली गेली की बुडातली एक पिन खाचेतून सुटते, आणि तेव्हा कुठे दांडा पीमधून बाहेर येतो. शिवाय ब्रेकवर पाय नसेल तर विजेचं आणखी एक कुलूप वेगळंच. म्हणजे मूठ ही या गाडीची किल्ली होती आणि किल्लीचे दात आप्पांच्या चंचीत सुपारी होऊन पडले होते.

सहा वाजता दुधाचा टेम्पो आला. गल्ली एका गाडीची, ती आप्पांच्या गाडीने भरलेली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. दुसरा दिला. दूध थांबत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणसं जमली. "न्यूट्रल करून ढकला की," असं कुणीतरी म्हणालं, आणि न्यूट्रल करता येत नाही हाच तर प्रश्न आहे हे मी समजावून सांगेपर्यंत आठ जण गाडीला लागले होते. पीमध्ये गाडी नुसती थांबलेली नसते. आत एक आकडा चाकाच्या दातात जाऊन बसतो. आप्पांच्या भाषेत, खुंटीला दावं बांधलेलं असतं. दावं न सोडता बैलाला मागून ढकललं तर जे होईल तेच झालं. गाडी पुढे-मागे डुलली, धोतराचा एक सोगा सुटला, पंधरा सल्ले आले. मी हातमोज्यांच्या कप्प्यातून मॅन्युअल काढलं आणि मोठ्याने इंग्रजी वाचायला लागलो. दांड्याशेजारी झाकणाखाली एक खाच असते, तीत किल्ली दाबली की विजेचं कुलूप सुटतं, असं त्यात होतं. दाबली. सुटलं असावं. पण पिन जिथल्या तिथे. मॅन्युअल लिहिणाऱ्याने गुलाब धरलेला नव्हता.

काकू दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या आत गेल्या आणि पोती शिवायचा दाभण घेऊन आल्या. "व्हा बाजूला," म्हणाल्या. गुलाब फिरवून काढला आणि आप्पांच्या हातात दिला. उघड्या दांड्याच्या तोंडातून ती सळई करंगळीच्या नखाएवढी दिसत होती. त्यांनी दाभणाचं बोथट बूड तिच्यावर ठेवलं.

"नुसतं बघताय काय? पाय द्या की बिरेकवर."

आप्पांनी पाय दिला. काकूंनी दाभण दाबला. खट् असा आवाज झाला आणि दांडा लोण्यातून सुरी यावी तसा डीवर आला. टेम्पोवाला टाळ्या वाजवून निघून गेला. आप्पांच्या तोंडून त्या दिवशी शब्द निघाला नाही. बत्तीस वर्षांत त्यांच्या गाडीचा गिअर दुसऱ्या कुणी टाकला नव्हता.

पुढचे चार दिवस दाभण गाडीत होता, सुतळीने दांड्याला बांधलेला. कुठे जायचं असलं की गुलाब काढायचा, दाभण दाबायचा, गाडी डीवर घ्यायची, मग गुलाब चढवायचा. उतरताना तेच उलट. मी म्हटलं, "आप्पा, डबल क्लच झाला की हो हा." त्यांना ते पटलं असावं, कारण मी बघत नसताना ते हसले.

शेवटी शिरवळचा एक टर्नर पोरगा कामाला आला. त्याने गुलाब उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, सरळ वरून भोक पाडून बटण बसवतो. आप्पांनी गुलाब परत मागून घेतला. भोक पाकळ्यांतून जाणार होतं. पोरगा समंजस. त्याने दुसरी वाट काढली. कंपनीच्या मुठीचं डोकं कापलं, बटणाला हात न लावता. कापलेल्या जागी लेथवर काढलेला पितळी तुकडा घट्ट बसवला, त्यावर १० एमएमचे आटे, आणि त्यावर गुलाब. म्हणजे खाली दाढीचा ब्रश, मध्ये पितळेचा कंठ आणि वर गुलाबाचा कळस. मजुरी म्हणून त्याने वरंध्यातल्या दोन गोष्टी ऐकून घेतल्या. आप्पांनी बळेच पाच सांगितल्या.

अशा दांड्यावर हात ठेवणं ही आता नवी विद्या आहे. तळवा गुलाबावर ठेवायचा आणि बटण दाबायला करंगळी खाली सोडायची, बासरीवर सोडतात तशी. आप्पांनी ती आठ दिवसांत कमावली. आता त्यांच्या गाडीचा गिअर त्यांच्याशिवाय कुणाला टाकता येत नाही. दिवाळीला मुलगा आला, गाडीत बसला, गुलाबाला धरून ओढत राहिला. आप्पा खिडकीशी उभे होते. "तू फक्त बस," ते म्हणाले.

दोन बारीक उणिवा राहिल्या, त्या सांगून टाकतो. पहिली उन्हाळ्यात कळली. पारदर्शक गोळा म्हणजे भिंग. चैत्रातल्या एका दुपारी नारायणपूरला दर्शन घेऊन आले तर गाडीत जळका वास. सीटच्या कव्हरवर आठ आण्याच्या नाण्याएवढा काळा डाग पडलेला, आणि गुलाब ऊन पोटात घेऊन मजेत. तेव्हापासून गाडी उन्हात लावली की आप्पा डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुलाबाला घालतात. नीट, दोन्ही टोकं समोर येतील अशी. बाहेरून डोकावणाऱ्याला वाटतं, गाडीत कुणी ठेंगणा पुढारी बसलाय.

दुसरी उणीव अशी की दांडा आता अडीच इंच उंच झालाय. पीमध्ये घेतला की तो पुढे जातो आणि गुलाबाचं नाक थेट डॅशबोर्डवरच्या तांबड्या त्रिकोणावर, म्हणजे संकटाच्या दिव्यांच्या बटणावर टेकतं. त्यामुळे आप्पांनी गाडी उभी केली की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागतात. पहिल्या आठवड्यात हमरस्त्यावरची दोन-तीन माणसं मदतीला धावून आली. एकाने पाण्याची बाटली आणली. आता सगळ्यांना ठाऊक झालंय. सकाळी सातला सर्व्हिस रोडच्या कडेला चार पिवळे दिवे लुकलुकायला लागले की टपरीवाला तिकडे न बघताच एक कप जास्तीचा ओततो, आणि कप बशीत ठेवेपर्यंत आप्पा बोडक्या डोक्याने येऊन बाकावर बसलेले असतात.